भाऊच्या धक्क्यामागचा चिखल

उरणच्या मोरा बंदरात गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच जेट्टीला लागत नाही. मग उरणचे उतारू इकडे भाऊच्या धक्क्यावर ताटकळतात. गंमत म्हणजे, मुंबईच्या बाजूचा हा धक्का जन्माला आला तोच चिखलापायी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातून गलबतानं येणाऱ्याला मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर चिखल तुडवतच वर यावं लागे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य हे कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून. लोक त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी भराव घालून १८४१ च्या सुमारास धक्का बांधला. पुढे गोद्या वाढल्या, मूळ धक्का त्यांच्या पोटात गेला आणि नाव माझगावच्या बाजूला सरकलं. पाटीवर 'फेरी व्हार्फ' असेना का, तोंडी भाऊच राहिला.

आगबोटी आल्यावर इथून रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत माणसं जाऊ लागली. मुंबईत निदान धक्का तरी होता. तिकडे बहुतेक बंदरांत बोट खोल पाण्यातच थांबे आणि ट्रंका, वळकट्या, म्हातारीकोतारी, सगळं हेलकावणाऱ्या पडावात उतरवावं लागे. चाकरमान्यांच्या घरी त्या पडावाच्या गोष्टी बोटीपेक्षा जास्त सांगितल्या गेल्या.

याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' ही आगबोट अलिबागजवळच्या रेवसकडे सुटली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या, म्हणजे सणाला घरी निघालेल्यांची गर्दी. काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यानं ती कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कळायलाच कित्येक तास लागले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकली आणि माणसं वर ओढली, असं त्या किनाऱ्यावर अजून सांगतात. पावसाळ्यात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंद. त्यावर आज कुरकुर करणाऱ्यांनी ही तारीख आठवावी.

उरण, म्हणजे जुनं करंजा बेट, आता बेट उरलेलं नाही. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणला लोकलही पोचली. मांडव्याला मार्च २०२० पासून गाड्यांसकट नेणारी रो-रो भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते. रेवस आणि मोऱ्याच्या लाकडी लाँचही चालू आहेत, भरतीचं वेळापत्रक बघून.