घरात कासव सापडलं तर ते नेऊन सोडायचं कुठे?

अंगणात, जिन्याखाली किंवा कुंड्यांच्या मागे अचानक कासव दिसलं की घरात एकदम धावपळ सुरू होते. कुणीतरी बादली आणतं, बादलीत पाणी भरतं आणि कासवाला त्यात ठेवून देतं. हेतू चांगलाच असतो हो, पण कासव जमिनीवर राहणारं असेल तर ते त्या बादलीत बुडून मरू शकतं. जमिनीवरच्या कासवांना पोहता येत नाही, आणि बादलीला बाहेर चढायला जागाही नसते.

म्हणून आधी पाय बघा. जमिनीवरच्या कासवाचे पाय जाडजूड खांबासारखे असतात आणि पाठ बहुतेक वेळा घुमटासारखी उंच. पाण्यातल्याची बोटं पातळ पडद्याने जोडलेली असतात, पाठ चपटी. काहींची पाठ चामड्यासारखी मऊ असते, मान मात्र भलतीच लांब, ती मागे वळवून कडकडून चावतात. (दात कुठल्याच कासवाला नसतात, पण चोच पुरते.) नक्की कळत नसेल तर कोरडं ठेवा, कारण पाण्यातलं कासव सावलीत दोन-चार तास कोरड्या जागी राहिलं तर त्याचं काही बिघडत नाही, पण जमिनीवरचं कासव पाण्यात ठेवलं गेलं तर मात्र त्याचा जीव जाऊ शकतो.

दुसरा प्रश्न, हे इथे आलंच कसं. आपल्याला वाटतं बिचारं वाट चुकलंय, पण खूपदा त्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते की आपण कुठे चाललोय. पाण्यातल्या माद्या अंडी घालायला जमिनीवर येतात, मोकळी उन्हाची माती शोधत शेकडो मीटर चालतात, खड्डा करून अंडी घालतात, माती लोटतात आणि परत पाण्याकडे जातात. त्या वाटेत आपलं अंगण आलं एवढंच! अशा वेळी कुत्र्याला बांधा, फाटक उघडं ठेवा, मुलांना लांबून बघू द्या. अंडी घातलेली दिसली तरी उकरू नका. घातल्यावर थोड्याच वेळात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, नंतर अंडं फिरवलं गेलं तर तो मरू शकतो. शिवाय बऱ्याच जातींमध्ये नर की मादी हे मातीच्या तापमानावर ठरतं, गार मातीत नर आणि उबदार मातीत माद्या जास्त, त्यामुळे अंडी उचलून घरात खोक्यात ठेवली तर आपण नकळत तेही बदलतोय.

आता खरा गोंधळ जिथे होतो ते. कासव धडधाकट आहे, पण जागा धोक्याची आहे, मग लोक म्हणतात चला गाडीत घालून लांबच्या छानशा तळ्यात सोडून येऊ. हे करू नका, अजिबात करू नका. कासवाच्या डोक्यात त्याच्या भागाचा नकाशा पक्का बसलेला असतो, पाणी कुठे, खायला कुठे, थंडीत दडायचं कुठे. अमेरिकेत मेरीलँडमध्ये रंगीत पट्ट्यांच्या पाणकासवांवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, तो मला फार आवडतो. तिथली काही तळी दरवर्षी रिकामी केली जातात, तेव्हा तिथेच वाढलेली कासवं ठरलेल्या वाटेने, अगदी काही मीटरच्या अचूकतेने, दुसऱ्या पाण्यापर्यंत पोचतात. बाहेरून आणून सोडलेली मोठी कासवं मात्र भरकटली, त्यांना पाणी सापडलंच नाही. लहान वयाची पिल्लं आणली तर ती वाट शिकली, म्हणजे शिकण्याचं वय पहिल्या काही वर्षांतच असतं आणि नंतर ती खिडकी बंद होते. त्यात अनोळखी कासवासोबत त्याचे जंतूही नव्या तळ्यात जातात, वरून कितीही तब्येतीत दिसलं तरी.

मग हलवायचंच असेल तर किती? धोका टळेल एवढंच. रस्त्यात असेल तर ज्या दिशेला तोंड आहे त्या बाजूला नेऊन ठेवा, मागे ठेवलंत तर ते वळून परत रस्त्यावर येणार. पाठीच्या दोन्ही बाजूंनी मधोमध धरा, जमिनीपासून फार उंच नको, आणि शेपटीला धरून कधीच उचलू नका, मणक्याला इजा होते. मऊ पाठीच्या किंवा चावऱ्या कासवाच्या वाट्याला स्वतः न जाता जाणकाराला बोलावलेलं बरं.

एक अपवाद आहे, ते कुणाचं तरी पाळलेलं असलं तर. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवट कासव जगभर पाळतात. ते विकत घेताना नाण्याएवढं असतं, पुढे ताटलीएवढं होतं, काही दशकं जगतं आणि मग मालक कंटाळून तळ्यात सोडतो. जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 उपऱ्या जातींच्या यादीत ते आहे, युरोपीय संघाने 1997 मध्ये त्याची आयात बंद केली. हे सापडलं तर बाहेर सोडू नका, आधी आसपास मालक शोधा, नाहीतर प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेला द्या.

आणि रानातलं कासव ठेवूनच घेतलं तर? बऱ्याच देशांत ते सरळसरळ बेकायदा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब बसत नाही. पिल्लं ढिगाने मरतात, वयात येईपर्यंत फार थोडी उरतात, काही जातींना तर वयात यायलाच 14 ते 20 वर्षं लागतात. म्हणजे तिथली संख्या टिकते ती मोठी कासवं वर्षानुवर्षं जगतात म्हणून, त्यातली एक मादी उचलून नेली की पुढच्या कित्येक वर्षांची अंडी गेली. घरात तिला ऊनही पुरत नाही, खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हाडांना लागणारे अतिनील किरण जवळजवळ नसतातच, हळूहळू कवच मऊ पडतं. शिवाय निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यामुळे हात लावला की साबणाने धुवा आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये त्याला आंघोळ घालू नका.

कवचाला तडा गेलेला असला, नाकातून बुडबुडे येत असले किंवा पाण्यात एका बाजूला कलत असलं तर मात्र थांबू नका. कवच हा हाडांचा जिवंत भाग आहे, बरगड्या आणि मणके त्यातच जोडलेले असतात, त्याला दुखतं आणि रक्तही येतं. तडा गोंदाने चिकटवलात तर घाण आतच अडकते. हवेची भोकं असलेल्या खोक्यात कोरडं कापड घाला, अंधार ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि वन्यजीव बघणाऱ्या व्हेटकडे न्या. अगदी थंडीत न हलणारं कासव मेलंय असंही लगेच ठरवू नका, गारठ्यात त्यांचं हृदय फार सावकाश चालतं. आणि हो, कुठे सापडलं ती जागा नीट लिहून किंवा मोबाईलवर लोकेशन सेव्ह करून खोक्यासोबत द्या, कवच भरायला महिनोन्‌महिने लागतात आणि बरं झाल्यावर त्याला सोडायचं तिथेच असतं.