काँक्रीट वाळून घट्ट होत नाही

मराठवाड्यात बांधकामाचा हंगाम आणि पाणीटंचाईचे दिवस एकत्रच येतात. एप्रिल-मे महिन्यांत लातूर, बीड, जालना भागांत एकीकडे टँकर फिरू लागतात आणि दुसरीकडे घरांचे स्लॅब पडत असतात. अशा वेळी ‘दोन दिवस कडक ऊन मिळाले की स्लॅब वाळून पक्का होतो’ हा समज फार महागात पडतो, कारण काँक्रीट वाळल्यामुळे घट्ट होतच नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक अभिक्रियेमुळे, म्हणजे हायड्रेशनमुळे ते घट्ट होते आणि ही अभिक्रिया पाण्याखालीसुद्धा उत्तम चालते.

सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेट संयुगांचा पाण्याशी संयोग झाला की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतात. यातील पहिला पदार्थ जेलसारखा असून तोच वाळू आणि खडी यांना बांधून ठेवतो. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे 23 टक्के पाणी या संयुगांत रासायनिकरीत्या बांधले जाते आणि सुमारे 15 टक्के जेलच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकते. म्हणजे 50 किलोच्या गोणीला साधारण 19 लिटर पाणी पुरते. त्याहून अधिक घातलेले पाणी अभिक्रियेत भाग घेत नाही, पण जागा मात्र अडवते, आणि पुढे ते उडून गेले की तेथे केशनलिकांसारख्या पोकळ्यांचे जाळे उरते. मजबुती घटते ती या पोकळ्यांमुळे, आणि त्यांतूनच ओलावा आत शिरून सळई गंजते. सिमेंटच्या प्रमाणात पाणी जितके जास्त, तितकी काँक्रीटची मजबुती कमी, हा अमेरिकी संशोधक डफ अब्राम्स यांनी 1918 मध्ये मांडलेला पाणी-सिमेंट गुणोत्तराचा नियम याच कारणाने आजही टिकून आहे.

प्रत्यक्ष कामावर माल सहज पसरावा यासाठी गोणीमागे 25 लिटरपर्यंत पाणी घेणे समजण्यासारखे आहे. मात्र माल जड वाटतो म्हणून आणखी बादलीभर पाणी ओतणे म्हणजे चांगल्या सिमेंटचे पैसे वाया घालवणे होय. त्याऐवजी व्हायब्रेटर नीट फिरवून अडकलेली हवा बाहेर काढावी. मुहूर्त साधण्यासाठी भर दुपारी स्लॅब टाकण्याची प्रथा तर सोडूनच द्यायला हवी, कारण चाळिशी ओलांडलेल्या तापमानात पृष्ठभागावरचे पाणी झपाट्याने उडते आणि तडे पडतात.

काँक्रीटच्या आतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 80 टक्क्यांखाली गेली की हायड्रेशन जवळपास थांबते. परळीसारख्या औष्णिक केंद्रांतून निघणारी राख मिसळलेल्या सिमेंटला तर ओलावा अधिक काळ लागतो, कारण राखेतील सिलिका कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी सावकाश संयोग पावून आणखी जेल तयार करते. उष्ण, कोरड्या हवेत साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान 10 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटचे 14 दिवस ओले ठेवावे, असे आयएस 456 हे भारतीय मानक सांगते. टंचाईत आळी बांधून पाणी साठवणे परवडत नसेल, तर ओल्या गोणपाटावर प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे थोडे पाणीही पुष्कळ टिकते. बोअरचे खारट पाणी मात्र सळई असलेल्या कामात वापरू नये, कारण त्यातील क्लोराइड सळईचा गंज वाढवते.