यादीतून नाव गेलं म्हणजे खेळाडू संपला?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: एएफएल या सर्वोच्च लीगमधल्या क्लबने आपल्या खेळाडूंच्या यादीतून नाव काढलं की खेळाडूची कारकीर्द आटोपली. बहुतेकांच्या बाबतीत परतीचा रस्ता खरंच अवघड असतो, हे मान्य. पण बंद नसतो.

जेम्स पॉडसिअॅडलीचंच बघा. एसेंडन आणि कॉलिंगवुड, दोन्ही क्लबांनी त्याला रुकी, म्हणजे शिकाऊ खेळाडू, म्हणून घेतलं आणि एकही सीनियर सामना न खेळवता सोडून दिलं. गडी व्हीएफएल या व्हिक्टोरियातल्या खालच्या लीगमध्ये गोल मारत राहिला. २०१० मध्ये जिलाँगकडून पदार्पण केलं तेव्हा वय होतं २८. त्या वयात अनेकांचे बूट खुंटीला लागलेले असतात! २०११ च्या अंतिम सामन्यात खांदा निखळला म्हणून त्याला मध्येच बाहेर बसावं लागलं, पण विजेतेपद मिळालं. समोर कोण होतं? कॉलिंगवुड. पुढे २०१३ अखेर जिलाँगनेही सोडलं, तर अॅडलेडने घेतलं.

वाटाही अनेक आहेत. सोडलेला खेळाडू थेट दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो, पुन्हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात तिथे, उतरू शकतो. २०१९ पासून तर हंगामाच्या मध्यावरचा ड्राफ्टही परत आलाय. तोवर व्हीएफएल, एसएएनएफएल किंवा डब्ल्यूएएफएल अशा राज्य पातळीवरच्या लीगमध्ये खेळत राहायचं, सोबत नोकरी सांभाळायची.