सीटी स्कॅन म्हणजे फोटो नव्हे

सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची, मोबाइलने तिचा फोटो काढायचा आणि ओळखीच्या डॉक्टरांना पाठवून मत विचारायचे, हा प्रकार आता सर्रास चालतो. त्यामागची काळजी खरी असते. पण या खटाटोपात तपासणीतली बहुतेक माहिती वाटेतच गळून पडते, कारण सीटी स्कॅन हा मुळात फोटो नसून आकड्यांचा तक्ता आहे.

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले, तेव्हा त्या तक्त्यात 80 ओळी आणि 80 रकाने होते. आज एका छेदाच्या तक्त्यात साधारणपणे 512 ओळी व 512 रकाने, म्हणजे अडीच लाखांहून अधिक घरे असतात. प्रत्येक घरातला आकडा त्या जागेने क्ष-किरण पाण्याच्या तुलनेत किती अडवले, हे सांगतो. पाणी शून्यावर, हवा उणे 1000 वर, चरबी उणे 100 च्या आसपास, नुकतेच साकळलेले रक्त 50 ते 80 च्या दरम्यान, तर कठीण हाड 1000 च्याही वर जाते. या मापातले एक एकक म्हणजे पाण्याच्या क्ष-किरण अडवण्याच्या क्षमतेचा हजारावा भाग!

आता खरी गंमत पाहू. तक्त्यात सुमारे 4096 वेगवेगळे आकडे मावतात आणि साध्या पडद्यावर करड्या रंगाच्या 256 छटा दाखवता येतात. सगळे आकडे त्या छटांमध्ये सारखे वाटले, तर प्रत्येक छटेच्या वाट्याला 16 एकके येतील. मेंदूतला करडा भाग आणि पांढरा भाग यांच्यातला फरक मात्र जेमतेम दहा एककांचा असतो. म्हणजे दोन्ही भाग जवळजवळ एकाच छटेत बुडून जातील. यावर उपाय म्हणून रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारे तज्ज्ञ डॉक्टर, ‘विंडो’ लावतात. शून्य ते 80 एवढीच एकके निवडून सर्व 256 छटा त्यांनाच द्यायच्या, त्याखालचे सारे काळे आणि वरचे सारे पांढरे करायचे. एका एककाला आता तीन छटा मिळतात आणि मेंदूची घडी न् घडी उलगडते. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर तिथल्या ऊतींत पाणी वाढू लागते, आणि पाण्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की आकडा सुमारे अडीच एककांनी उतरतो. तो पुसटसा उतार पकडण्यासाठी विंडो आणखी अरुंद करावी लागते. फुप्फुस पाहायचे तर तीच विंडो उणे आकड्यांकडे सरकवून खूप रुंद करावी लागते. फिल्मवर मात्र छापताना निवडलेली विंडो कायमची गोठते आणि तिच्या फोटोतून दुसरी विंडो कोणालाही काढता येत नाही. दुसरे मत घ्यायचे असेल, तर सीडीवरच्या मूळ डायकॉम फाइल, म्हणजे हे आकडे साठवलेल्या फाइल, द्याव्यात.

रुग्णागणिक नेमक्या उपचारांची दिशाही हे आकडे दाखवू शकतात. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत अचानक गाठ आढळली आणि शिरेतून औषध न देता घेतलेल्या स्कॅनमध्ये ती एकजिनसी दिसून तिचा आकडा दहा किंवा त्याहून कमी आला, तर ती बहुधा चरबीयुक्त, निरुपद्रवी गाठ असते आणि सुई टोचून तुकडा काढण्याची वेळ सहसा येत नाही. ‘रेडिओमिक्स’ ही शाखा याच्या पुढे जाऊन गाठीतले शेजारशेजारचे आकडे कसे बदलतात, यावरून तिच्या स्वभावाचा अंदाज बांधू पाहते. संगणकाला विंडोची गरज नसते. तो सगळे आकडे जसेच्या तसे वाचतो.

म्हणून रेडिऑलॉजिस्ट कालबाह्य ठरतील, हे भाकीत मात्र अतिउत्साहाचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी 2016 साली पाच-दहा वर्षांची मुदत देऊन त्यांचे प्रशिक्षणच थांबवावे, असे सुचवले होते. त्यातली पाच वर्षे केव्हाच उलटली आणि रिपोर्टखाली आजही माणसाचीच सही असते. छेदाची जाडी, चित्र घडवण्याचे गणित किंवा क्ष-किरणांचा व्होल्टेज बदलला, तरी गाठ तीच असूनही आकडे हलतात आणि एका यंत्रावर शिकलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चुकू शकतो. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रांत तर शून्याची अशी ठरलेली खूणच नसते, त्यामुळे तिथे ही अडचण अधिक बिकट होते.

सीटीचा शून्य जागेवर राहावा यासाठीच तंत्रज्ञ ठरावीक दिवसांनी रुग्णाच्या जागी पाण्याने भरलेला एक नळकांड्यासारखा डबा यंत्रात ठेवून त्याचा स्कॅन घेतात, पडद्यावर त्याच्या मधोमध एक छोटे वर्तुळ काढतात आणि आतल्या आकड्यांची सरासरी शून्यापासून चार-पाच एककांपेक्षा जास्त ढळलेली नाही ना, हे तपासतात.