सुप्त मूत्रपिंडविकार, दीर्घकालीन फुप्फुसरोगातील
रक्तातील क्रिॲटिनिन या टाकाऊ घटकाचे प्रमाण नेहमीच्या मर्यादेत असूनही मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरपेक्षा (१.७३ चौ. मी. शरीरपृष्ठास) कमी असण्याची अवस्था. सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन फुप्फुसरोगाच्या) वयस्क रुग्णांत ती विशेष आढळते. इटलीतील संशोधकांच्या २०१० मधील अभ्यासात अशा ३५६ रुग्णांपैकी सुमारे २१ टक्क्यांत ती दिसली. तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण १० टक्के होते.

क्रिॲटिनिन स्नायूंत तयार होते आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. जुनाट धाप लागणाऱ्या माणसाचे स्नायू झडतात, त्यामुळे ते मुळातच कमी बनते आणि मूत्रपिंड थकलेले असले तरी आकडा चढत नाही. ७२ वर्षे वयाची, ३८ किलो वजनाची बाई घेतली, तर क्रिॲटिनिनच्या १.१ (मिग्रॅ/डेसिलिटर) या आकड्यापुढे प्रयोगशाळेच्या कागदावर बहुधा कसलीही खूण नसते. वय व लिंग धरून २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने मात्र तिची गाळणक्षमता ५३ च्या आसपास भरते. वजनही जमेस धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने (१९७६) ती २८ निघते. दोन्ही सूत्रांची एकके थोडी वेगळी असली तरी ही तफावत किरकोळ म्हणता येणार नाही. सिस्टॅटिन-सी हा रक्तातील दुसरा घटक स्नायूंवर फारसा अवलंबून नसल्याने काही तज्ज्ञ त्यास पसंती देतात. तथापि स्टिरॉइड, धूम्रपान व दाह यांनी तो वाढतो, आणि हे तिन्ही या रुग्णांत नेहमीचेच. दोन्ही घटक एकत्र धरणारे सूत्र त्यातल्या त्यात अधिक भरवशाचे दिसते.

कारणांविषयी मतभेद आहेत. धूम्रपान, वय, उच्च रक्तदाब ही दोन्ही रोगांची सामाईक कारणे असल्याचे एक मत. प्राणवायूची दीर्घ कमतरता व सर्वांगीण दाह मूत्रपिंडास थेट अपाय करतात, असे दुसरे. दोन्ही प्रक्रिया एकत्र चालत असाव्यात, हे अधिक ग्राह्य वाटते.

कोल्हापूर परिसरात असा रुग्ण ‘दमेकरी’ म्हणूनच ओळखला जातो, मग तो दमा असो वा नसो : जन्मभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली आजी, गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड सारणारा, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत साचे फोडणारा कामगार. साच्याच्या वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसांप्रमाणे मूत्रपिंडांनाही बाधक मानली जाते, म्हणून त्याची तपासणी अधिक काळजीने व्हायला हवी.

फुप्फुसांत कर्बवायू साठू लागला की रक्तातील आम्ल सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून ठेवतात. ती दुबळी असल्यास हा आधार जातो आणि छातीच्या साध्या संसर्गातही रुग्ण झपाट्याने खालावतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी अशा वेळी विशेष घातक ठरते. जेंटामायसिन (प्रतिजैविक) व डिगॉक्सिन (हृदयविकारावरील औषध) यांची मात्रा गाळणक्षमता पाहूनच ठरवावी लागते. श्वासावाटे घेतल्या जाणाऱ्या टायोट्रोपियम या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाचाही रक्तात उतरलेला बराच अंश मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतो.