आबांची पेज आणि पाच जणांच्या पाच नोंदी

तापात पेज, पोट बिघडलं तर पेज, दात गेले की मग पेजच. उकड्या तांदळाची पेज म्हणजे कोकणात आजाऱ्याचं हक्काचं खाणं. पण ज्याचं गिळणं बिघडलंय, त्याला ही साधी वाटी फार अवघड जाते. तिच्यात दोन वेगळ्या वस्तू असतात: पाण्यासारखी निवळ आणि चावावी लागणारी शितं. तोंड शितांत गुंतलेलं असताना निवळ पुढे पळते, वेळेआधी घशात उतरते आणि श्वासनलिकेचं झाकण मिटण्यापूर्वीच आत शिरते.

समजा, सिंधुदुर्गातल्या एका वृद्धाश्रमात 76 वर्षांचे आबा आहेत. त्यांना पार्किन्सन्सचा आजार आहे. रोज सकाळी त्यांचं एकच म्हणणं, "माका पेजच होई." सोबत भाजलेला बांगडा. महिन्याभरात त्यांचं वजन 50 किलोवरून 47 वर आलंय आणि दोनदा ताप येऊन गेलाय.

भरवणाऱ्या मावशींना ठाऊक आहे की पूर्वी 20 मिनिटांत होणाऱ्या जेवणाला आता 45 मिनिटं लागतात आणि चहानंतर आबांचा आवाज ओला, घरघरता होतो. तापाची नोंद सिस्टरकडे आहे. ताटात किती उरतं हे स्वयंपाकघराला माहीत. वजनाची वही कपाटात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर फक्त "परत ताप आलाय" एवढंच जातं, आणि प्रतिजैविक लिहून दिलं जातं. सुटी सुटी पाहिली तर यातली एकही गोष्ट घाबरवणारी नाही. एकत्र मांडली की अन्न फुप्फुसात जात असावं, अशी दाट शंका येते.

आबा खोकत नाहीत, म्हणून ती शंका कुणाला येत नाही. पार्किन्सन्समध्ये घशाची संवेदना मंदावते आणि घोट चुकीच्या वाटेने गेला तरी ठसका लागतोच असं नाही. "ठसका नाही, म्हणजे ठीक" हा सगळ्यात महाग पडणारा समज.

म्हणून पाळी बदलताना दहा मिनिटं सर्वांनी उभ्या उभ्या बोलावं आणि मावशींनी आधी बोलावं. सिस्टरांनी डॉक्टरांना फोन करताना चार गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. "आबांना 101 ताप आहे, चहानंतर आवाज ओला येतो. पार्किन्सन्स आहे, महिन्यात 3 किलो उतरले. गिळण्यात बिघाड वाटतो. छाती तपासा आणि स्पीच थेरपिस्टला दाखवायची चिठ्ठी द्या." स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळणंही तपासतात. महिन्यात 5 टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, म्हणजे 50 किलोच्या माणसाचं अडीच किलो, की हा फोन दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही.

पुढचा दोष घड्याळात सापडतो. न्याहारी आठला आणि गोळ्यांची फेरी साडेआठला, हा आश्रमाच्या सोयीचा क्रम. पण लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्समध्ये जखडलेल्या हालचाली सैल करणाऱ्या गोळीचा, असर चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणजे आबा गिळतात ते नेमके स्नायू सर्वांत जखडलेले असताना. शिवाय माशातली प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं बनतात, ती या औषधाच्याच वाटेने शोषली जातात आणि त्याला मागे रेटतात. डॉक्टरांनी गोळीची वेळ न्याहारीआधी अर्धा तास केली की दोन्ही अडचणी हलक्या होतात. औषधांची यादी फार्मासिस्टने एकदा नीट वाचावी. लोहाची गोळी लेव्होडोपाबरोबर नको. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड पार्किन्सन्स वाढवते. आणि सावकाश विरघळणारी गोळी गिळवत नाही म्हणून कुटून देणं म्हणजे कित्येक तासांचा डोस एकदम देणं.

आता पेज. ती बंद करायची गरज नाही. शितं पार गळेपर्यंत शिजवून मिक्सरमधून काढायची आणि गाळायची. चमचा तिरका केल्यावर गोळा अलगद सुटून पडला पाहिजे. चिकटून राहिला, तर तो घशातही चिकटेल. मग थोडं नारळाचं दूध घालायचं. ही तपासणी पेज ताटात वाढताना जेवढी गरम असेल तेवढ्या तापमानाला करायची, कारण पेज निवते तशी घट्ट होते. उलट, उष्टा चमचा वाटीत परत बुडवत राहिलं तर लाळेतलं अमायलेज हे पाचकद्रव्य स्टार्च फोडतं आणि शेवटचे घोट पातळ होतात. त्यामुळे वाटीत थोडीच पेज घ्यायची. बांगड्याचे काटे काढून तो 4 मिलिमीटरपेक्षा बारीक आणि ओलसर करायचा. काटा-चमच्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते.

पातळ चहाही निवळीसारखाच घशात पळतो, म्हणून तो दाट करतात. किती दाट हवा, हे स्पीच थेरपिस्ट ठरवतात, पण रोज मोजायचं काम स्वयंपाकघराचं. 10 मिलिलीटरची सिरिंज दट्ट्या काढून, तिच्या खालच्या तोंडावर बोट धरून भरायची, बोट सोडायचं, 10 सेकंदांनी तोंड परत बंद करायचं. आत 1 ते 4 मिलिलीटर उरलं तर किंचित दाट, 4 ते 8 उरलं तर थोडं दाट. सिरिंजवरच्या 0 ते 10 या खुणांची लांबी 61.5 मिलिमीटर असावी, नाहीतर आकडे जुळत नाहीत.

फिजिओथेरपिस्ट आले की आधी आरामखुर्ची बाजूला करतील. पडवीत तिच्यात रेलून पेज पिताना मान मागे जाते आणि श्वासनलिका उघडी पडते. सरळ पाठीची खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसणं. हनुवटी खाली घेऊन गिळण्याची युक्ती सर्वांना लागू पडत नाही, म्हणून ती सांगोवांगी शिकवू नये. दात, जीभ आणि कवळी दोन वेळा साफ करायची, कवळी रात्री काढून ठेवायची. फुप्फुसात न्यूमोनिया होतो तो बऱ्याचदा तोंडातल्या जंतूंमुळे, आणि हे काम सहसा कुणाच्याच यादीत नसतं.

एवढं झाल्यावर आबा म्हणतात, दाट केलेला चहा मी पिणार नाही. ही हट्टाची गोष्ट समजू नये. दाट पेयं लोक कमी पितात, मग लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठ. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात तर शरीरातलं पाणी कमी पडायला वेळ लागत नाही. म्हणून आबा, त्यांचा मुलगा, डॉक्टर आणि मावशी एकत्र बसतात. धोका साध्या शब्दांत सांगितला जातो. पेज गाळूनच घ्यायची, चहा मात्र पातळच, पण तोंड स्वच्छ केल्यावर, गोळी लागू झालेली असताना, एकेक छोटा घोट, मावशी शेजारी. हे फाइलमध्ये तारखेसह लिहायचं, खाटेजवळच्या कार्डावरही. दोन आठवड्यांनी वजन, तापाची नोंद आणि आबांचं म्हणणं पुन्हा पाहायचं. रात्रपाळीला नवी मावशी आली, तर तिने आधी ते कार्ड वाचायचं आणि मगच कपबशी उचलायची.