ससा म्हणजे मऊ मेंढी नव्हे

मनालीला हिडिंबा मंदिराबाहेर मांडीवर उशीएवढा पांढरा ससा घेऊन काढलेला फोटो बहुतेक घरांत सापडतो. तो अंगोरा ससा. त्याच गोतातली एक माझ्याकडे स्कॉटलंडमध्ये आहे. इंग्लिश अंगोरा, वजन तीन किलो, त्यातलं निम्मं वजन केसांचंच असावं असं बघणाऱ्याला वाटतं. नाव म्हातारी, रुईच्या बोंडातून उडते ती. ती येण्याआधी मी वीस वर्षं विकतच्या लोकरीवर विणत होते. कातायला शिकले ती तिच्यामुळे, कारण विंचरून निघालेली ती पिशवीभर लव टाकून द्यायचा धीर होईना.

तेव्हापासून एकच तक्रार ऐकते आहे: “अंगोरा कातला, विणला, पण सगळं लोंबलं. माझं काय चुकलं?” चूक विणण्यात नसते. सशाची लोकर म्हणजे मेंढीचीच, फक्त आणखी मऊ, हे गृहीतच चुकीचं असतं.

आधी नावाचा गोंधळ एका दमात संपवते. अंगोरा शेळीही असते आणि तिच्या केसांना मोहेर म्हणतात. दोन्ही नावं अंकाराच्या जुन्या नावावरून आली, बाकी नातं नाही. पश्मिना आणखी वेगळा, तो लडाखच्या शेळीचा. आणि दुकानात ‘अंगोरा’ म्हणून मिळणारा स्वस्त गुंडा बहुधा अ‍ॅक्रिलिकचा असतो, वेष्टन उलटून वाचा.

मेंढीची लोकर तुमच्या हातातली आहे, तिच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं एकच. तिचा केस नागमोडी असतो, कारण आत दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही सारख्या वागत नाहीत. त्यामुळे प्रत्येक केस म्हणजे बारीकशी स्प्रिंग. ताणला तर जवळजवळ 30 टक्के लांबतो आणि सोडला की परत जागेवर येतो. स्वेटरची बॉर्डर मनगटाला धरून बसते ती दोन सुलट, दोन उलटमुळे, असं आपण समजतो. अर्धंच खरं. वीण घडी पाडते, पण ताणलेली घडी पुन्हा मिटवण्याचं काम ही स्प्रिंग करते.

सशाच्या केसात ही स्प्रिंगच नाही. तो सरळ, गुळगुळीत आणि मेंढीच्या केसापेक्षा बराच बारीक, साधारण 11 ते 15 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आत शिडीच्या पायऱ्यांसारखे हवेचे कप्पे असतात. म्हणून तो हलका, म्हणून उबदार. (‘सातपट उबदार’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. कशाच्या सातपट, कसं मोजलं, विचारलं की शांतता.) पण एकदा ताणला की ताणलेलाच राहतो.

मी हे आजोबांच्या कानटोपीवर शिकले. शुद्ध अंगोरा, सुबक बॉर्डर, पहिल्या दिवशी सगळ्यांनी गालाला लावून पाहिली. आठवड्याभरात ती चष्म्यावर उतरली. मग मला तो सल्ला मिळाला, जो सगळ्यांना मिळतो आणि ज्याचा मला खरा राग आहे: “टाके सैल पडलेत, सुई दोन नंबरांनी लहान घे.” घेतली. टोपी पुठ्ठ्यासारखी झाली, आणि लोंबायची ती लोंबलीच.

लहान सुईने दुसरंही नुकसान होतं. अंगोराचं सगळं सौंदर्य पृष्ठभागावर उठणाऱ्या धुक्यासारख्या लवेत आहे, आणि ती लव कातताना दिसत नाही. ताजा कातलेला धागा अगदी किडमिडीत, दोऱ्यासारखा दिसतो. नवखे घाबरतात आणि पीळ कमी करतात. तसं करू नका. केस निसरडा आहे, पीळ कमी पडला तर धाग्यातून सुटून जन्मभर काळ्या कोटावर चिकटत राहील. मेंढीला देता त्याहून जास्त पीळ द्या, मोठ्या सुईवर विणा, मग कोमट पाण्यात धुऊन हलकेच झटका. लव तेव्हा उठते, आणि तिला पसरायला टाक्यांत जागा लागते.

म्हणून माझा नियम: जिथे धागा शरीराला धरून राहायला हवा, तिथे मेंढी. जिथे नुसता पडून राहणार, तिथे ससा. शाल, मफलर, जाळीचं विणकाम यांना शुद्ध अंगोरा चालेल. मोजे, बॉर्डर, स्वेटर यांना नाही. तिथे चार भाग मेरिनो मेंढीची लोकर, एक भाग म्हातारी असं पिंजून मिसळते, आणि एवढ्यानेही लव उठते. हौसेने शुद्ध अंगोराचा स्वेटर विणणाऱ्यांना मी आता अडवत नाही, फक्त वर्षभराने फोटो मागते.

बाकीचे फरक किरकोळ. सशाच्या केसाला मेंढीसारखा चिकट मेणचटपणा नसतो, त्यामुळे आधी धुवायचं नाही. धुतलात तर केस एकमेकांत गुंतून नमदा होईल. पेळू (कातण्यासाठी पिंजून केलेली वळी) न करताही मांडीवरच्या पुंजक्यातून थेट कातता येतं. आखूड केसाला तकली किंवा पेटी चरखा उत्तम. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी घडवलेला तो घडीचा चरखा इथे स्कॉटलंडमधल्या कातणाऱ्यांकडे पाहून मला गंमत वाटते.

लव काढण्याबद्दल मात्र हयगय नको. इंग्लिश अंगोरा दर तीन-चार महिन्यांनी केस सोडतो, तेव्हा ते कंगव्यात आपसूक येतात. जर्मन अंगोरा सोडत नाही, त्याला कातरावंच लागतं. न सुटलेला केस उपटणं म्हणजे छळ. 2013 मध्ये चीनमधलं तसलं चित्रीकरण बाहेर आल्यावर अनेक कपडे कंपन्यांनी अंगोरा घेणं थांबवलं ते उगाच नाही. आणि रोज विंचरा: सशाला उलटी करता येत नाही, गिळलेले केस पोटात अडकले की जिवावर बेततं. समोर सुकं गवत कायम हवं.

पुण्या-नागपुरात पाळायचा विचार असेल तर सोडा. हे जनावर थंड हवेचं, म्हणूनच आपल्याकडे ते कुल्लूकडे दिसतं.

आजोबांच्या टोपीची बॉर्डर मी शेवटी उसवली आणि टाके उचलून तेवढीच मेरिनोत विणली. रंग थोडा वेगळा आला. आजोबा म्हणतात, तो पट्टा मुद्दाम घातलाय.